उद्यानाचा आराखडा मंजुरीला जाण्याआधी : काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

भूमापक

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उद्यानांत बहुतेक वेळा चित्र आधी येते. त्यात कारंजे असते, रंगीत खेळणी असतात, व्यायामाची यंत्रे असतात. जागेची मोजणी त्यानंतर होते, आणि पावसाचे पाणी कुठे जाणार हा प्रश्न काम निम्मे झाल्यावर निघतो. हा क्रम पूर्ण उलटा हवा. आधी जमीन, मग पाणी, मग चालण्याच्या वाटा, मग झाडे, आणि खेळणी सगळ्यांत शेवटी. खेळणी पंधरा-वीस वर्षांत बदलावीच लागतात. चुकलेला उतार मात्र कोणी पुन्हा दुरुस्त करत नाही.

मंजुरीच्या फाइलमध्ये पहिला कागद जागेच्या स्थितीचा असावा. उंचीत अर्धा मीटर किंवा त्याहून कमी अंतराच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा), चारही बाजूंच्या रस्त्यांची पातळी, शेजारच्या जोत्यांची पातळी, जमिनीखालच्या वाहिन्या, डोक्यावरच्या वीजतारा, आणि प्रत्येक मोठे झाड खोडाच्या व्यासासह. नुसते ‘झाडे : ४२’ असे लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरा कागद मातीचा. वेगवेगळ्या ठिकाणी चार-पाच खड्डे घ्यावेत आणि किती खोलीवर खडक, भराव किंवा राडारोडा लागतो ते लिहावे. त्याच खड्ड्यांत जिरण्याची चाचणीही होते. साधारण ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरायचा आणि पूर्ण जिरू द्यायचा. मग पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते मोजायचे. पहिल्या भरण्याचे माप धरू नये, कारण कोरडी माती सुरुवातीला जास्त पाणी पिते. तासाला २५ मिमी किंवा जास्त उतरले तर काळजी नाही. १२ मिमीच्या खाली असेल तर त्या भागात खेळाचे मैदान दाखवण्याआधी जमिनीखालच्या निचऱ्याचा खर्च धरावा लागेल.

याला जोडूनच : जागा कुणासाठी, हे कंपासने काढलेल्या वर्तुळावरून ठरत नाही. माणूस पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर चालतो. ते ४०० मीटर प्रत्यक्ष रस्त्याने मोजावेत. मध्ये वेगवान रस्ता, रेल्वेमार्ग किंवा नाला असेल तर वर्तुळातली निम्मी घरे प्रत्यक्षात आवाक्याबाहेर असतात. प्रवेशद्वार कुठे ठेवतो यावरही हा आकडा बदलतो. एका बाजूला एकच दार ठेवले की मागच्या गल्लीतल्या लोकांना पूर्ण कुंपणाला वळसा पडतो.

आराखडा_वही

भूमापक, वर्तुळाबद्दल पूर्ण सहमत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने सुचवलेला निकष घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असा आहे, पण तो सरळ रेषेतला आहे. सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० हा नियमही याच वळणाचा : प्रत्येक घरातून निदान ३ झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, आणि सर्वांत जवळचे उद्यान ३०० मीटरवर असावे. वॉर्डनिहाय तपासायला हा नियम सोपा आहे.

दरडोई चौरस मीटर या आकड्यावर विसंबून मात्र नियोजन करू नये. गावाबाहेर एखादे मोठे वन असेल तर सरासरी भरून निघते आणि दाट वस्तीत एकही जागा नसली तरी अहवालात सगळे ठीक दिसते. त्याऐवजी ‘किती टक्के घरांना दहा मिनिटांच्या आत चालत जाऊन बसता येते’ हे काढावे. ज्या भागात हा आकडा सर्वांत कमी, तिथली पहिली मोकळी जागा घ्यावी, मग ती कितीही छोटी असो. आम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक यांनी १९४७ पासून रिकामे कोपरे आणि पडीक भूखंड घेऊन शेकडो छोटी क्रीडांगणे केली. वाळूचा चौकोन, उड्या मारायचे दगड, लोखंडी कमानी, बाक आणि झाडे, एवढ्याच सामानात. दोन गुंठ्यांचा तुकडा कामाचा नाही असे म्हणण्याआधी ते नकाशे पाहावेत.

निचरा_आधी

पाण्याचे गणित प्रत्येक आराखड्यावर लिहिलेले हवे, आणि ते अवघड नाही. १,००० चौरस मीटर फरसबंदीवर २० मिमी पाऊस पडला की २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर पाणी होते. हे पाणी कुठे थांबेल, कुठे जिरेल आणि जास्त झाले तर कोणत्या तोंडातून बाहेर जाईल, ही तीन उत्तरे नकाशावर बाणांनी दाखवावीत. बाण दाखवता येत नसतील तर आराखडा परत पाठवावा.

गवताच्या मैदानाला १ ते १.५ टक्का उतार पुरतो. १०० मीटरला एक ते दीड मीटर. डोळ्याला सपाट दिसते आणि पाणी थांबत नाही. कंत्राटात ‘समतल करणे’ एवढेच लिहिले तर कंत्राटदार खरोखर समतल करतो आणि मध्यभागी तळे होते. प्रत्येक कोपऱ्याची आणि मधल्या बिंदूंची अंतिम पातळी आकड्यात द्यावी.

पायवाटेला आडवा उतार २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर चाकाची खुर्ची आणि बाबागाडी एका बाजूला ओढली जाते. लांबीतला उतार १:२० (२० मीटरला १ मीटर) पर्यंत असेल तर ती साधी वाट, त्यापेक्षा तीव्र झाला की तो रॅम्प. रॅम्प १:१२ पेक्षा तीव्र नको, आणि त्याला कठडा व मध्ये सपाट थांबे हवेत. रुंदी निदान १.५ मीटर, दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जायच्या असतील तर १.८. दोन फरशांत ६ मिमीपेक्षा जास्त उंचवटा राहिला की काठी आणि पुढचे छोटे चाक अडकते. फरशी बसवून झाल्यावर जड वाहन त्यावरून नेले की हा उंचवटा तयार होतोच, म्हणून देखभालीचे वाहन कोणत्या वाटेने फिरणार ते आधी ठरवून तेवढ्या वाटेचा पाया जाड करावा.

एक छोटी गोष्ट, जिने पुढची अनेक वर्षे सोपी होतात : प्रत्येक वाटेखालून, ती बांधतानाच, १०० मिमीचे दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवावेत. एक पाण्यासाठी, एक विजेसाठी. दोन्ही टोके झाकून, जागा नकाशावर मारून. नाहीतर पुढे एक दिवा वाढवायचा म्हणून चांगली फरशी फोडली जाते आणि ती पुन्हा कधी नीट बसत नाही.

सावलीची_बाजू

झाडांचे नुकसान लावताना कमी आणि बांधकामाच्या काळात जास्त होते. असलेले झाड वाचवायचे तर खोडाभोवती चार फळ्या बांधून भागत नाही. ब्रिटिश मानक बीएस ५८३७ नुसार दीड मीटर उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ राखावे. ४० सेंमी खोडाला ४.८ मीटर. या वर्तुळाला कामाच्या पहिल्या दिवशी कुंपण घालायचे. आत माती टाकायची नाही, खडी साठवायची नाही, काँक्रीट मिक्सर धुवायचा नाही, चर खणायचा नाही. पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या ६० सेंमी मातीतच असतात. एका यंत्राच्या दोन-चार फेऱ्यांनीही ती माती इतकी दाबली जाते की हवा-पाणी खाली उतरत नाही. झाड लगेच वाळत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते. तोवर कंत्राटदाराची जबाबदारी संपलेली असते.

खोडाभोवती भराव टाकून ‘कट्टा’ बांधण्याची पद्धत थांबवायला हवी. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत उतरतो तो भाग उघडाच हवा. तो मातीत गाडला की साल कुजते.

नवीन लागवडीत खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीनपट रुंद, पण गोळ्यापेक्षा खोल नको. खोल खड्ड्यात खालची भुसभुशीत माती बसते आणि झाड खाली जाते. पालापाचोळ्याचे आच्छादन ५ ते १० सेंमी, खोडाला न टेकवता. आधाराची काठी एक हंगाम झाला की काढायची. न काढलेल्या दोरीने खोडाला खाच पडते आणि पुढे वाऱ्यात खोड तिथेच मोडते. हे काम कुणाचे आणि कोणत्या महिन्यात, हे कंत्राटात लिहिलेले नसेल तर काठ्या तशाच राहतात.

जातींची यादी तपासताना १०-२०-३० नियम हाताशी ठेवा : एका जातीची झाडे १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) २० आणि एका कुळातली ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. फ्रँक सांतामोर यांनी १९९० मध्ये तो मांडला. एकाच जातीची रांग सुंदर दिसते, पण एक कीड आली की पूर्ण रांग जाते.

खेळगडी

खेळण्यांचा भाग मी घेतो. इथली चूक थेट डोक्यावर पडते, म्हणून आकडे नीट पाहू.

कॅटलॉगमध्ये खेळण्याची लांबी-रुंदी दिलेली असते. जागा तेवढीच धरली जाते आणि मग घसरगुंडीच्या तोंडाशी बाक येतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे स्थिर खेळण्याभोवती चारही बाजूंना १.८ मीटर मोकळी जागा हवी. झोक्याला पुढे आणि मागे प्रत्येकी, कडीपासून जमिनीपर्यंतच्या उंचीच्या दुप्पट. कडी २.४ मीटरवर असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८ मीटर. नकाशात एकाच झोक्याला जवळपास दहा मीटरचा पट्टा लागतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एका चौकटीत दोनच झोके, आणि ती चौकट इतर खेळण्यांपासून बाजूला. मधून वाट जाता कामा नये.

फटी : ८९ मिमी ते २३० मिमी यांमधली कोणतीही बंद फट मुलाचे डोके अडकवू शकते. धड जाते, डोके राहते. म्हणून फट एकतर ८९ पेक्षा लहान किंवा २३० पेक्षा मोठी. स्थानिक फॅब्रिकेटरकडून कठडे करून घेतले की गज ‘दिसायला बरे’ म्हणून १०० ते १२० मिमीवर येतात, ही नेमकी धोक्याची पट्टी. ताबा घेताना मोजपट्टी लावून प्रत्येक कठडा तपासा. झोक्याच्या साखळीचा एस-हुक पूर्ण मिटलेला हवा. १ मिमीपेक्षा जास्त फट राहिली की कपड्याची दोरी त्यात अडकते.

खाली काय, हा खरा प्रश्न. गवत, मुरूम, पेव्हर ब्लॉक यांना पडझड झेलणारा पृष्ठभाग म्हणता येत नाही. त्याच मार्गदर्शिकेत २३ सेंमी दाबलेल्या जाडीला लाकडाच्या चिपा ३ मीटर उंचीवरून पडणे झेलतात, बारीक गोल खडी १.५ मीटर, वाळू फक्त १.२ मीटर. सैल साहित्य कालांतराने किमान २५ टक्के दबते, म्हणून २३ हवे असेल तर ३० सेंमी भरावे लागते. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) कापड, त्याखाली निचऱ्याची खडी, कडेला भरलेल्या पातळीहून उंच कर्ब. खेळण्याच्या खांबावर भरण्याच्या पातळीची रंगीत खूण करून ठेवली तर माळीकाम करणाऱ्यालाही कमी झालेले कळते.

नवी_वाट

एक शंका. सैल साहित्यापेक्षा रबराचा सलग थर चांगला ना? देखभाल नाही, आणि चाकाची खुर्चीही जाते.

खेळगडी

नवी वाट, खुर्ची जाते हे खरे, आणि त्यासाठी निदान मुख्य खेळण्यांपर्यंत रबर असावेच. पण देखभाल नाही असे नाही. जाडी खेळण्याच्या उंचीप्रमाणे ठरते. सगळीकडे एकच जाडी टाकली तर उंच घसरगुंडीखाली ती अपुरी पडते. कंत्राटदाराकडून त्या जाडीचा आघात-चाचणी अहवाल मागा. त्यात डोक्याच्या इजेचा निर्देशांक १,००० च्या आत आणि कमाल आघात २०० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटीच्या) आत हवा. कडेचे दाणे आधी सुटतात. झोक्याखालचा आणि घसरगुंडीच्या तोंडाचा भाग लवकर झिजतो. तेवढे तुकडे वेगळे जोडलेले असतील तर फक्त तेवढेच बदलता येतात. गडद रंगाचे रबर उन्हात इतके तापते की लहान मुलाचे पाय भाजतात. फिका रंग घ्या आणि सावली आधी उभी करा. धातूच्या घसरगुंडीचेही तेच.

सैल साहित्यात झोक्याखाली खळगा पडतो, तो दर काही दिवसांनी ओढून भरावा लागतो. त्यासाठी एक माणूस दंताळे घेऊन येणार असेल तर चिपा उत्तम. येणार नसेल तर चिपा घेऊ नका. साहित्याआधी माणूस ठरवा.

अर्धी_जागा

मैदानांबद्दल कोणी लिहिले नाही. बास्केटबॉलचे कोर्ट २८ × १५ मीटर, भोवती दोन मीटर मोकळे धरले तर ३२ × १९, म्हणजे सहाशे चौरस मीटरच्या वर. व्हॉलीबॉल १८ × ९, तीन मीटर भोवती, म्हणजे २४ × १५. बॅडमिंटनला १३.४ × ६.१. बाहेरच्या मैदानांची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवावी, नाहीतर सकाळी-संध्याकाळी एका संघाच्या डोळ्यांत सूर्य येतो. प्लॉटच्या कडेला समांतर बसवण्याच्या नादात हे सुटते.

त्याहून मोठी बाब, हे मैदान कोण वापरते. व्हिएन्नात १९९० च्या दशकात केलेल्या निरीक्षणात दिसले की साधारण नऊ वर्षांनंतर मुली उद्यानातून कमी होतात, मुलगे होत नाहीत. कारण एक मोठे मोकळे मैदान ज्याच्या ताब्यात जाते त्याचेच राहते. तिथे दोन उद्यानांची पुनर्रचना केली. मोठी जागा छोट्या भागांत विभागली, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परत आल्या. कोर्टाभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याला एकच अरुंद दार ठेवू नये. आत कोणी थांबले असेल तर दुसरे कोणी शिरायला धजत नाही. दोन कोपऱ्यांत रुंद उघड्या ठेवा. कोर्टाच्या बाजूला, खेळाकडे तोंड करून, चार-पाच जण एकत्र बसू शकतील अशी बैठक द्या. एका ओळीतल्या बाकांवर गप्पा होत नाहीत, काटकोनात ठेवले की होतात.

बाकाची उंची ४५ सेंमी, पाठ आणि हात असलेला. हात नसेल तर वयस्कर माणसाला उठता येत नाही. शेजारी ९० सेंमी पक्की मोकळी जागा ठेवली तर चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती सोबत बसू शकते. वाटेवर दर ५०-६० मीटरला एक, निम्मे सावलीत.

आराखडा_वही

अर्धी जागा, तुमच्या मुद्द्याला जोडून लोकांचे मत घेण्याबद्दल. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की सभेत बोलणारे चार-पाच जण कारंजे आणि जिम सांगतात. त्याऐवजी जागेवर नोंद करा : कामाचा एक दिवस आणि सुटीचा एक दिवस, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दर तासाला दहा मिनिटे. कोण, साधारण वय, काय करते, कुठे बसते, कुठून येते. आधीच उद्यान असेल तर गवतातून पडलेल्या पायवाटा मोजपट्टीने नकाशावर घ्या, त्या सहसा बरोबर असतात. नवीन जागेत मुख्य वाट बांधा, जोडवाटा पहिल्या हंगामात नुसत्या गवताच्या ठेवा, आणि ज्या झिजतील त्या पक्क्या करा. त्यासाठी अंदाजपत्रकात ‘टप्पा दोन’ म्हणून रक्कम राखून ठेवावी लागते, कारण नंतर ती कोणी देत नाही.

जमाखर्च

सगळे वाचले. आता एवढेच विचारतो की हे सांभाळणार कोण. भांडवली खर्च मंजूर होताना वार्षिक खर्चाचा तक्ता त्याच ठरावाला जोडलेला हवा. तक्ता तीन रकान्यांचा : काम, वारंवारिता, लागणारा वेळ. १५ कचराकुंड्या, रोज, प्रत्येकी ४ मिनिटे, म्हणजे रोज एक तास, वर्षाला ३६५ तास. झोक्याखाली भरणी, बाक धुणे, झडप तपासणे, तण, असे सगळे. बेरीज केली की किती माणसे लागतात ते दिसते, आणि आराखड्यातला अर्धा पसारा तिथेच गळतो.

हिरवळीबद्दल विशेष. कडक उन्हाळ्यात तिला आठवड्याला साधारण २५ मिमी पाणी लागते. एका चौरस मीटरला २५ लिटर. २,००० चौरस मीटर हिरवळ म्हणजे आठवड्याला ५०,००० लिटर, दहा हजारी टँकरच्या पाच फेऱ्या. बसायला-खेळायला लागते तेवढीच हिरवळ ठेवा. बाकी भागात झाडाखाली आच्छादन आणि झुडपे. ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावावी लागणार असेल तर ती हिरवळ तिथे नको होती.

कंत्राटात रोपांची हमी संख्येवर नको, जिवंत आणि वाढत्या रोपांवर हवी, आणि शेवटचा हप्ता एक उन्हाळा गेल्यावर. खेळण्यांचे सुटे भाग वेगळे मिळतात का ते आधी विचारा. एका बेअरिंगसाठी संपूर्ण झोका बंद पडलेला दिसतो.

तपासणी तीन पातळ्यांची. रोजची किंवा आठवड्याची नजरेने : काच, तुटके, खळगे. एक ते तीन महिन्यांनी हाताने : बोल्ट, साखळी, गंज, लाकडाची कूज. आणि वर्षातून एकदा त्रयस्थ जाणकाराकडून, पायाच्या काँक्रीटसह. युरोपातल्या ईएन ११७६ मानकाची मांडणी हीच आहे. नोंदवहीत तारीख आणि सही नसेल तर तपासणी झालीच नाही असे समजावे.

उजेड

दिव्यांचा मुद्दा राहिला. खांब ४ ते ५ मीटर, रंग ३,००० केल्विन (पिवळसर पांढरा) किंवा त्याहून उबदार, म्हणजे कमी आकड्याचा. जास्त प्रखर दिवा म्हणजे जास्त सुरक्षा, असे होत नाही. प्रखर ठिपक्याशेजारची जागा आणखी काळी दिसते. वाटेवरच्या सरासरी आणि किमान उजेडाचे प्रमाण ४:१ च्या आत ठेवा. गुडघ्याएवढे दिवे जमीन दाखवतात, समोरून येणाऱ्याचा चेहरा दाखवत नाहीत, म्हणून मुख्य वाटेवर ते एकटे चालत नाहीत. नकाशावर खांब टाकताना झाडाचा आजचा घेर नको, वाढलेला घेर काढा. नाहीतर आठ वर्षांनी दिवा पानांत जातो आणि मग दिव्यासाठी झाड छाटले जाते. ज्या कोपऱ्यात रात्री कोणी जायला नको तिथे दिवा लावू नका, कारण दिवा म्हणजे ‘इकडून जा’ असे सांगणे.

नवी_वाट

ताबा घेतानाच्या दिवशी कंत्राटदाराकडून नेमके काय मागायचे? आमच्या प्रभाग समितीला ते कागदावर द्यायचे आहे.

निचरा_आधी

प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशा, त्यावर प्रत्येक झडप, चेंबर आणि रिकाम्या पाइपचे तोंड, दोन पक्क्या खुणांपासूनच्या अंतरासह. पाइप बुजवण्याआधी काढलेले फोटो, चरात मोजपट्टी दिसेल असे. झडपांच्या चाव्यांचे दोन संच. खेळण्यांची आणि रबराची प्रमाणपत्रे, सुट्या भागांचे क्रमांक. रोपांची यादी जागेसह. दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) कोणत्या तारखेला संपतो, आणि त्याच्या तीन महिने आधीची संयुक्त पाहणीची तारीख, आत्ताच लिहून.

आणि त्या दिवशी एक टँकर मागवा. तो मैदानाच्या वरच्या टोकाला रिकामा करा आणि अर्धा तास थांबा. पाणी नकाशावरच्या बाणाप्रमाणे गेले नाही तर सही करू नका.